आवरायचे कोणी?



चैत्री एकादशीची गोष्ट. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या नुकत्याच गावी परतल्या होत्या. आमच्या चकलांब्यात, किंबहुना उभ्या गेवराई तालुक्यात, दसरा-दिवाळीनंतर निम्मी घरे कुलूपबंद होतात आणि उन्हाळा लागला म्हणजे पुन्हा चुली पेटतात. त्या रात्री देवळात हरिपाठ झाला, भजन झाले, मंडळी पांगली. ओट्यावर मी टाळ गोळा करीत होतो. एक माळकरी तेवढा खांबाला टेकून बसून राहिला. मी म्हटले, "का हो माउली, घरी जायचे नाही का?"

तो म्हणाला, "महाराज, एक इचारायचं हाय. माळ घालून सात वरसं झाली. दारू सुटली, मटण सुटलं. पण राग काही सुटंना. परवा कोपीवर लेकराला मारलं. लई मारलं. आता ते माझ्याजवळ येईना. आईच्या पदराआड उभं राहतं अन् माझ्याकडं बघतं."

मी कोणी मोठा कीर्तनकार नव्हे. गावात हरिपाठ म्हणावा, चातुर्मासात पोथी वाचावी, आषाढीला दिंडीबरोबर चालावे, एवढीच माझी पुंजी. पण लोक 'महाराज' म्हणू लागले की उत्तर देण्याची खोड लागते. मी चटकन म्हणालो, "मन आवरावे, बाबा. मनाला आवर घातल्याशिवाय परमार्थ नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "कशानं आवरू? आवरणारं बी मनच अन् सुटणारं बी मनच. चोरालाच राखणीला बसवल्यावाणी झालं की हे!"

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. प्रश्न अडाणी माणसाचा म्हणावा, तर मोठमोठ्या पंडितांची दमछाक व्हावी असा. आणि दुसरे कारण माझे मलाच ठाऊक होते, ते पुढे सांगेन. आत्मसंयम कशाने येतो? जोराने येतो की शरण गेल्याने येतो? शरण जायचे म्हणजे तरी नेमके करायचे काय? याच प्रश्नाचा थोडा विचार आज तुमच्यापुढे मांडावा असे योजले आहे.

पहिले उत्तर आपण सगळेच देतो, ते जोराचे. दात ओठ खावेत, शपथ घ्यावी, नेम करावा. नेम वाईट असे मी म्हणणार नाही. माझ्या माळेने मला कितीदा वाचवले आहे! पण नुसत्या जोराने आवरलेले मन म्हणजे धाब्याखाली दडपलेला विस्तव. धूर कोठून तरी निघतोच. गीतेतही भगवंतांनी हेच सांगून ठेवले आहे की, उपाशी राहणाऱ्याचा विषय दूर होतो, पण गोडी आत तशीच राहते. दारू सोडलेला माणूस दारू पिणाऱ्यावर जो खेकसतो, तो कशामुळे? बाटली गेली आणि तिच्या जागी 'मी सोडली' हे येऊन बसले. हा 'मी' बाटलीपेक्षा कडक नशा आहे.

दुसरे उत्तर त्याच्या उलट टोकाचे. "सगळे देवावर सोडा. त्याच्या मनात येईल तेव्हा सुटेल." हे ऐकायला गोड लागते. पण नीट पाहिले तर ही शरणागती नव्हे, ही आळसाला घातलेली माळ आहे. शेत नांगरले नाही, बी टाकले नाही, आणि पाऊस पडला नाही म्हणून देवाला बोल लावला, अशातली ही गत.

मग या दोहोंच्या मधली वाट कोणती? ती मला सापडली एका अगदी अनपेक्षित पुस्तकात. शेवगावकडे एक ख्रिस्ती गुरुजी आहेत, सेवानिवृत्त. आमचा जुना स्नेह. त्यांना हा प्रश्न सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "बुवा, तुमच्या माळकऱ्याचा प्रश्न आमच्या घरातही जुनाच आहे. हे घ्या." आणि त्यांनी हाती ठेवली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

कोणी म्हणेल, वारकऱ्याने ख्रिस्ती घरात कशाला डोकवावे? माउली, ते घर परके नाही. मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापले गेले, ते लिहिणारा फादर स्टीफन्स इंग्लंडातून आलेला आणि ज्ञानोबांच्या भाषेवर लुब्ध झालेला. आमच्या उत्तरेला जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले. पश्चिमेला अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे तर मराठी ख्रिस्ती मंडळींचे जुने ठाणे. आणि याच नगरात ज्यांची हयात गेली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे उघडपणे सांगणारे. त्यांनी ख्रिस्ताला आळवले तेही अभंगात. त्यांच्या संग्रहाचे नावच 'अभंगांजली'. ज्याने आपल्या विहिरीचे पाणी नेऊन दुसरा मळा भिजवला, त्या मळ्यात काय पिकले हे पाहायला हरकत कसली?

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी, पंडित, वक्ता. स्वभावाने मात्र जमदग्नीचा अवतार. हाती पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. आणि राग आला की घर सोडून चालू लागायचे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातले येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलले. आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी कळवले नाही. घरावर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई पुढे चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांतला काही काळ त्यांनी आपल्या पंढरपुरातच काढला.

आता कोणी समजेल की, बाप्तिस्मा झाला, देवाला शरण गेले, राग पळाला. तसे मुळीच झाले नाही! लक्ष्मीबाईंचे पुस्तक 1934 पासून भागाभागाने बाहेर पडले, आणि त्यांनी आपल्या नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेला नाही. टिळक रागावत ते नंतरही रागावत. खर्चावरून, जेवणावरून, हरवलेल्या वस्तूवरून भांडणे होत. हे सारे त्या बाईने हसत हसत लिहून ठेवले आहे. मला हे वाचून आधी निराशा आली आणि मग धीर आला. निराशा अशासाठी की, शरण जाऊनही स्वभाव जात नसेल तर उपयोग काय? आणि धीर अशासाठी की, एवढ्या मोठ्या भक्ताचेही जर एका दिवसात झाले नाही, तर आमचा माळकरी आणि मी अगदीच वाया गेलेलो नाही.

पण थांबा. याच शीघ्रकोपी माणसाच्या चरित्रात एक जागा अशी आहे की तेथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

त्या काळी नवऱ्याचा हक्क केवढा होता ते ध्यानात घ्या. रखमाबाई या शिकलेल्या मुलीने नांदायला नकार दिला, म्हणून 1887 साली मुंबईच्या न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात जा' असा निकाल दिला होता. धर्म बदललेल्यांसाठी तर 1866 चा वेगळा कायदाच होता. बाप्तिस्मा घेतलेल्या नवऱ्याकडे बायको धर्माच्या कारणाने येत नसेल, तर त्याला न्यायालयात जाऊन शेवटी सोडचिठ्ठी घेण्याची आणि दुसरे लग्न करण्याची मुभा होती. म्हणजे टिळकांच्या एका हाती नवरेपणाचा हक्क आणि दुसऱ्या हाती कायदा. स्वभाव तर असा की ठिणगी पडायचा अवकाश. आणि हा माणूस वाट पाहत राहिला. दुसरे लग्न केले नाही. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन आल्या. ज्याने जातपात टाकली त्याच्याच संसारात त्या आपला आचार सांभाळून राहिल्या, आणि त्याने तो सांभाळू दिला. बळजबरी केली नाही. विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनातला भेद त्यांचा त्यांनाच गळाला, आणि 1900 साली त्यांनी आपल्या पायाने जाऊन बाप्तिस्मा घेतला.

पाहा हं, वरण बिघडले म्हणून जो तापतो, तो आयुष्याच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नावर थंड राहिला. लहान गोष्टीत तोल जातो आणि मोठ्या गोष्टीत सांभाळला जातो, हे कोडे कसे उलगडावे? मला जे वाटले ते सांगतो, पटले तर घ्या. पत्नीचा आत्मा ही आपली मालमत्ता नाही, ती देवाची आहे, हे टिळकांनी मनापासून मानले होते. तेवढी जागा त्यांनी खरोखर देवाच्या नावे करून दिली होती. जेथे हक्क सोडला तेथे राग उगवलाच नाही. आणि वरण, पैसा, हरवलेली दौत यांवरचा हक्क मात्र त्यांच्याच नावावर राहिला होता. तेथे तण माजतच राहिले.

मला वाटते, सारे मर्म यात आहे. राग हा हक्काचा मुलगा आहे. 'माझा मुलगा आणि माझे ऐकत नाही!' 'माझे घर आणि मला विचारत नाहीत!' 'माझी माळ आणि मला मान देत नाहीत!' बाप जिवंत आहे तोवर मुलाला कितीही बडवा, तो वाढतच राहणार. आपण रागाशी कुस्ती खेळतो आणि हक्काला तूप-भात वाढतो. शरण जाणे म्हणजे डोळे मिटून 'देवा, सांभाळ' म्हणणे एवढेच नव्हे. शरण जाणे म्हणजे सातबाऱ्यावरून आपले नाव कमी करणे. शेत कसायचे आपणच, राखायचे आपणच, पण धनी कोण हे एकदा ठरले, की पीक जळाले म्हणून माणूस बैलाला मारत नाही.

ख्रिस्ती शास्त्रातही हाच विचार वेगळ्या शब्दांनी सांगितला आहे. संत पौलाने गलती येथील मंडळींना पत्र लिहिले. त्यात देवाच्या आत्म्याचे फळ कोणते ते मोजून दाखवले आहे. प्रीती, आनंद, शांती असे मोजत मोजत तो नऊ गोष्टी सांगतो आणि नववी, शेवटची, इंद्रियदमन. आपण उलटे चालतो. आधी दमन, मग शांती, मग कधीतरी प्रीती. पौल प्रीतीपासून आरंभ करतो आणि संयम शेवटी पदरात पडतो. आणि त्याने शब्द योजला आहे 'फळ'. मजुरी नव्हे, फळ.

आमच्याकडे मोसंबीच्या बागा आहेत. कोणीही बागायतदार सांगेल की मोसंबी फांदीला सुतळीने बांधून येत नाही. आळे करावे लागते, खत घालावे लागते, पाण्यासाठी रात्रीची वीज येईल तेव्हा उठून मोटर सुरू करावी लागते. एवढे करूनही फळ 'केले' असे कोणी म्हणत नाही. फळ 'आले' असेच म्हणतो. कष्ट आपले, येणे त्याचे. जोराचे उत्तर म्हणते, मी फळ केले. आळसाचे उत्तर म्हणते, आळेही त्यानेच करावे. या दोहोंच्या मधली वाट ती हीच.

येशूच्या शिष्यांत पेत्र सगळ्यात धडाडीचा. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, अशी त्याने छाती ठोकून ग्वाही दिली; आणि त्याच रात्री, कोंबडा आरवण्याच्या आत, त्याने तीनदा गुरूला ओळखही दिली नाही. दुसरीकडे त्याच रात्री गेथशेमाने बागेत येशू घाबरलेल्या मनाने प्रार्थना करीत होता की, हा प्याला टळता येईल तर टळो; तरी माझ्या मनासारखे नव्हे, तुझ्या मनासारखे होवो. छाती ठोकणारा पळाला आणि ज्याने आपले भय देवापुढे लपवले नाही तो खंबीर राहिला. संयमाचे मूळ छातीत नाही, झुकण्यात आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आणखी एक दृष्टांत त्यांच्या शुभवर्तमानात आहे, तो आपल्या माळकऱ्याला फार लागू पडतो. एका माणसातले भूत निघून गेले. घर झाडले, सारवले, पण रिकामे राहिले. भूत फिरून आले, रिकामे घर पाहिले, आणि आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन आत शिरले. दारू गेली, तिच्या जागी काय बसवले? नाम बसले असेल तर ठीक. नुसती माळ बसली असेल तर घर अजून रिकामेच आहे.

कोणी म्हणेल, टिळक तर पुरुष. हक्क होता म्हणून सोडता आला. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांनी काय सोडायचे? म्हणून पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो. जन्म 1858 चा. दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर थोड्याच काळात नवराही गेला. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे की, बरीच वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. केवढे प्रामाणिक बोलणे! आपल्यातले किती जण असे कबूल करतील की, मला वारी मिळाली, विठ्ठल अजून मिळायचा आहे? बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनी आपली सगळी खटपट देवाच्या स्वाधीन केली. आणि मग त्या स्वस्थ बसल्या काय? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना त्यांनी उचलून आणले. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभे केले. तेथे प्रार्थना होती आणि छापखानाही होता, हातमाग होता, शेतीही होती. स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सारे बायबल सोप्या मराठीत आणले. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, जी पुढे सगळा कारभार पाहील असे वाटत होते. त्यानंतरही भाषांतराचे काम चालूच राहिले, आणि ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. मुलीवरचा हक्क आधीच देवाकडे दिलेला नसता, तर त्या दुःखात हातातली लेखणी गळून पडली असती.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. 'हक्क सोडा' हे वाक्य सबळाच्या तोंडी फार सोयीचे असते. सासू सुनेला सांगते, 'शरण जा.' मुकादम मजुराला सांगतो, 'उचल घेतली आहेस, मान खाली घाल.' माउली, ही शरणागती नव्हे. देवापुढे वाकलेला माणूस अन्यायापुढे वाकत नसतो. रमाबाईंनी 1882 साली हंटर आयोगापुढे उभे राहून स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली, छळलेल्या विधवांना आपल्या घरात घेतले, समाजाचा रोष पत्करला. त्यांनी सोडला तो 'मी'पणाचा हक्क. दुसऱ्याच्या लेकीसाठी न्याय मागण्याचा हक्क नव्हे. म्हणून खूण लक्षात ठेवावी. आपण ज्याच्यापेक्षा सबळ आहोत त्याच्यावरचा हक्क आधी सोडायचा. बापाने लेकरावरचा, नवऱ्याने बायकोवरचा, मुकादमाने मजुरावरचा. खालच्याला शरणागती शिकवण्याआधी वरच्याने ती करून दाखवावी.

आता आपल्या घराकडे येऊ. पैठण आम्हांला जवळचे. नाथषष्ठीला आमच्या भागातून किती दिंड्या जातात! नाथमहाराजांची ती गोष्ट तुम्ही शेकडो कीर्तनांत ऐकली असेल. गोदेचे स्नान करून वर येताना एकजण त्यांच्यावर थुंकत असे. नाथ फिरून स्नानाला जात. तो पुन्हा थुंके, नाथ पुन्हा बुडी मारीत. असे एकशे आठ वेळा झाले, असे सांगतात. शेवटी थुंकणाराच थकला आणि पाया पडला. नाथ म्हणाले, तुझ्यामुळे एका दिवसात इतकी गंगास्नाने घडली.

ही गोष्ट आपण सांगतो ती सहनशीलतेची म्हणून. पण मला आता वाटते की, नाथांनी राग गिळलेलाच नाही. गिळलेला राग एकशे आठ वेळा पोटात राहत नाही, पाचव्या-सहाव्या वेळेलाच बाहेर पडतो. त्यांच्यापाशी रागाला बसायला जागाच नव्हती. 'माझे स्नान बाटले, माझा मान गेला' हे म्हणणारे कोणी त्या देहात उरलेच नव्हते. स्नान देवाचे, देह देवाचा, आणि थुंकणाराही देवाचाच. मग रागवायचे कोणी आणि कोणावर?

याउलट उदाहरण पाहायचे तर पुन्हा 'स्मृतिचित्रे' उघडावीत. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने इतके ग्रासलेले होते की त्यांच्या शुद्धीच्या धाकाखाली सारे घर पिचून गेले होते. त्या माणसापाशी नेम कमी होता असे म्हणता येईल का? नाथांहून जास्तच होता! पण त्या नेमाच्या पोटी भीती होती आणि नाथांच्या नेमाच्या पोटी प्रेम. एकाच्या संयमाने घरातली माणसे दुखावली, दुसऱ्याच्या संयमाने शत्रू शांत झाला. आपला संयम खरा की खोटा हे आपल्याला विचारू नये. आपल्या घरातल्या लहान माणसांना विचारावे. ती पदराआड उभी राहतात की अंगावर येऊन झोंबतात, यावरून कळते.

दोन्ही वाटा एकच आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ख्रिस्ती मनुष्य एका क्रूसाकडे बोट दाखवतो. तेथे देवाने आपले पाप उचलले आणि मला क्षमा मिळाली, त्या कृतज्ञतेतून माझे मन बदलते, असे तो म्हणतो. आपण विटेवरच्या समचरणांकडे पाहतो, नाम घेतो, संतांच्या संगतीत चालतो, आणि चालता चालता मन निवळते असे मानतो. हा भेद खरा आहे, तो पुसण्याची गरज नाही. शेवगावचे गुरुजी चर्चमध्ये जातील, मी पंढरीला जाईन. पण मन आवरत नाही हे दोघांचेही रडणे एकच, आणि 'माझे' म्हणून मूठ वळली की ते आवरत नाही, हेही दोघांना कळते. टिळकांनी पुढे 1917 साली मिशनचा पगार सोडला, संन्याशासारखे राहू लागले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवला. 9 मे 1919 रोजी ते गेले. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी पगार सुटला! शरण जाणे एका दिवसाचे नसते, वाचकहो. एकेक गट नंबर देवाच्या नावे करीत जावे लागते, आणि जुने नाव पुनःपुन्हा कागदावर उमटते.

असो. त्या माळकऱ्याला मी काय सांगितले? पुढच्या एकादशीला तो आला तेव्हा म्हटले, "माउली, मागच्या खेपेस मी तुला उगीच उत्तर दिले. आता तीन गोष्टी सांगतो. मला जमल्या आहेत असे समजू नकोस. पहिली, सकाळी माळेला हात लावशील तेव्हा म्हण, 'हे लेकरू तुझे, विठ्ठला, मी राखणदार.' राग नसताना म्हण, कारण राग आल्यावर आठवणार नाही. दुसरी, राग आलाच तर बाहेर ये, पाणी पी, नाम घे; हातात काही असेल ते खाली ठेव. आणि तिसरी गोष्ट अवघड आहे. लेकराची क्षमा माग."

तो चमकला. "लेकराची? बापानं?"

मी म्हटले, "होय, बापानं." आणि त्याला त्या डोंगरावरच्या प्रवचनातली गोष्ट सांगितली. येशू म्हणतो, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्याविषयी कोणाच्या मनात काही सल आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. म्हणजे देवसुद्धा थांबायला तयार आहे. लेकरू थांबत नाही, ते मोठे होऊन जाते.

तो काही बोलला नाही, उठून गेला. त्यानंतरच्या एकादशीला भजनात मला एक लहान पोरगा दिसला, हातात त्याच्या मानाने मोठे टाळ. बाप शेजारी बसला होता. भजन संपल्यावर तो म्हणाला, "राग येतोच, महाराज. पण आता रागाच्या आधी पोरगं दिसतं." तेवढेच म्हणाला. सुटला असे म्हणाला नाही, आणि म्हणूनच मला ते खरे वाटले.

आता माझे. आरंभी म्हटले होते की झोप न येण्याचे दुसरे कारण पुढे सांगेन. माझा धाकटा भाऊ आणि मी, आमच्या शेतांच्या मध्ये एक बांध आहे. दोन हात जमिनीवरून आमचे बोलणे बंद होऊन नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत मी नऊ वेळा पंढरीला चालत गेलो, कळसाला हात जोडले, दिंडीत परक्याच्या पाया पडलो आणि त्याला 'माउली' म्हटले. घरच्या माउलीच्या दारात मात्र पाय टाकला नाही. राग करतो असेही नाही. मी तोंडाने एक वाईट शब्द काढीत नाही. लोक म्हणतात, महाराज किती शांत! आणि मला ठाऊक आहे की हा संयम नव्हे, ते धाब्याखालचे निखारे आहेत. बांध अजून माझ्या नावावर आहे.

त्या ऊसतोड्या माळकऱ्याने लेकरापुढे हात जोडले. मी पोथी वाचणारा, तो निरक्षर. शिकवायला गेलो आणि शिकून आलो.

आषाढी जवळ आली आहे. पैठणहून नाथांची पालखी निघेल, आमच्या बीड जिल्ह्यातून पंढरीकडे जाईल, गावोगावचे लोक पायघड्या घालतील. दिंडीत सामील होण्याआधी मला एका घरी जायचे आहे. ते घर चार शेतांपलीकडे आहे, आणि पंढरीच्या वाटेहून ती वाट मला लांब वाटते. जाईन असे छाती ठोकून म्हणत नाही. पेत्राचे काय झाले ते वाचले आहे. एवढेच मागतो की, पांडुरंगा, तो बांध तुझा, मी राखणदार. आणि माझे पाय त्या वाटेला लाव.

तुमचाही एखादा बांध असेल. वारीला निघण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे, ही सर्व माउलींना विनंती.

रामकृष्णहरि.